अंबाडुंगरचा फ्लोरस्पार: डोंगरात कोटीभर टन, मग माल बाहेरून का येतो?

रावपुरेकर

मंडळी, दिवाळीनंतर आठ-दहा जणांचा बडोद्याहून डभोई, बोडेली, कवांट करत अंबाडुंगरला जायचा बेत आहे. त्याआधी एक प्रश्न मांडतो.

छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या या डोंगरात १ कोटी १६ लाख टन फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज, ज्यापासून फ्लोरीनची रसायनं बनतात) आहे, असा आकडा १९७० च्या दशकापासून छापून येतोय. तो वापरणारे कारखानेही हाकेच्या अंतरावर आहेत. पंचमहालात रणजितनगर, सुरतेत भेस्तान, खाली दहेज. आणि तरी देशाची बहुतेक गरज आयातीवर भागते. माझं मत असं की खनिज आहे, गिऱ्हाईक आहे, रस्ता आहे, फक्त मनावर घेतलेलं नाही. जाणकारांनी बोलावं.

खडकवेडा

रावपुरेकर, आधी आकडा नीट वाचू. १ कोटी १६ लाख टन हा फ्लोरस्पार असलेल्या दगडाचा साठा आहे. त्यात कॅल्शियम फ्लोराइड सरासरी ३० टक्के, म्हणजे शुद्ध धरलं तर ३५ लाख टनांच्या आत.

कारखान्यांना लागतो तो ॲसिड ग्रेड, किमान ९७ टक्क्यांचा. दगडातल्या फ्लोराइटपैकी (म्हणजे त्यातल्या शुद्ध खनिजापैकी) ७५ टक्के हाती लागलं असं धरा. एक टन ॲसिड ग्रेडसाठी ०.९७ भागिले (०.३० गुणिले ०.७५), म्हणजे ४.३ टन दगड खणून, फोडून, पिठासारखा दळावा लागतो. उरलेला ३.३ टन चिखल कुठेतरी ठेवावाही लागतो. हा हिशेब मनावर घेण्याच्या आधी येतो.

टिचकी

म्हणजे साडेचार किलो शेंगा फोडायच्या आणि किलोभर दाणे. वर प्रत्येक दाण्याची साल हातानं काढायची.

मिलवाला

टिचकींची उपमा चांगली आहे, पण शेंगेचं टरफल बोटांनी सुटतं. इथे दाणा आणि टरफल एकमेकांत विणलेले असतात. खरी अडचण टक्केवारीपेक्षा त्या विणीत आहे. जगात ३० टक्क्यांच्या दगडावर चालणाऱ्या खाणी आहेत. फ्लोराइटचे दाणे मोठे असतील आणि सोबत नुसतं वाळूसारखं क्वार्ट्झ असेल तर ३० टक्के पुरतात.

अंबाडुंगरच्या मालात फ्लोराइटबरोबर क्वार्ट्झ आणि चाल्सेडनी, कॅल्साइट, ॲपेटाइट, बराइट आणि गंजासारखा लिमोनाइट असतो. यातल्या प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो. सविस्तर रात्री लिहितो.

डांड्याबाजार

थोडा इतिहास. आर. एन. सुखेश्वाला आणि जी. आर. उदास या दोघांनी १९६३ मध्ये अंबाडुंगरच्या कार्बोनेटाइटवर (कार्बोनेटयुक्त शिलारसापासून झालेल्या खडकावर) टिपण प्रसिद्ध केलं. भारतातल्या कार्बोनेटाइटच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत ते मोडतं. गुजरात खनिज विकास निगमाची स्थापनाही १९६३ चीच. पुढे निगमाने अंबाडुंगरजवळ कडीपाणीला दिवसाला ५०० टन दगड घेणारा शुद्धीकरण कारखाना उभारला. २०१२ मध्ये निगम आणि दोन फ्लोरीन-रसायन कंपन्या मिळून संयुक्त कंपनीही निघाली. तेव्हा 'मनावर घेतलं नाही' हे तितकंसं खरं नाही.

जुने संदर्भ शोधताना 'बडोदा जिल्हा' म्हणून शोधा. छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला तो २०१३ मध्ये.

रावपुरेकर

हे ठाऊक नव्हतं, आभार. मग हा मुलूख सयाजीरावांच्या राज्यातला का?

डांड्याबाजार

नाही. छोटा उदेपूर हे चौहानांचं वेगळं संस्थान, रेवाकांठा एजन्सीतलं. गायकवाडांची छोटी रेल्वे डभोईकडून त्या बाजूला गेली, त्यामुळे आपल्याकडे हा घोटाळा नेहमी होतो.

सोवाइट

मिलवाला म्हणाले ती वीण कशी झाली ते सांगतो. त्याशिवाय कडीपाणीची अडचण कळणार नाही.

अंबाडुंगर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातला. नर्मदेच्या भेगपट्ट्यालगत खालून कार्बोनेटयुक्त शिलारस वर घुसला. वर बाघ वालुकाश्म आणि चुनखडकाचे थर होते, त्यावर बेसॉल्ट. थर घुमटासारखे उचलले गेले आणि साधारण दीड किलोमीटर व्यासाचं कड्यासारखं भित्तिखडकाचं वर्तुळ तयार झालं. हे कडं मुख्यतः कॅल्साइटचं, त्याला सोवाइट म्हणतात. कड्याच्या आत तुकड्यातुकड्यांचा ब्रेशिया आणि मध्ये बेसॉल्ट. पुढे लोहयुक्त अँकेराइट कार्बोनेटाइट मागाहून घुसला. शेजारच्या वालुकाश्माचं काही ठिकाणी पोटॅश फेल्डस्पारच्या खडकात रूपांतर झालं, ते फेनाइट.

फ्लोराइट या सगळ्याच्या शेवटी आलं. ते मुख्यतः कार्बोनेटाइट आणि वालुकाश्म-फेनाइट यांच्या सीमेवर, शिरांच्या आणि पोकळ्यांच्या रूपात मिळतं. घुमटभर सारखं पसरलेलं नाही.

खडकवेडा

इथे थोडं थांबवतो. शिलारसातच फ्लोरीन भरपूर होतं. मग फ्लोराइट थेट शिलारसातून स्फटिकलं असं का म्हणू नये? कार्बोनेटाइटमध्ये तसं घडतंच.

सोवाइट

घडतं, पण इथल्या मुख्य साठ्यात नाही. पुरावा स्फटिकांच्या पोटातच आहे. फ्लोराइट वाढताना सुईच्या टोकाहून बारीक द्रवाचे थेंब आत अडकतात आणि थंड झाल्यावर त्यात एक बुडबुडा तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली चकती तापवत न्यायची आणि बुडबुडा कुठल्या तापमानाला नाहीसा होतो ते पाहायचं. अंबाडुंगरच्या फ्लोराइटमध्ये तो १५० अंशांच्या आत नाहीसा होतो आणि द्रवात मीठही कमी भरतं. कार्बोनेटाइटचा शिलारस कितीतरी शेकडो अंशांचा. म्हणजे फ्लोराइट बसलं ते कोमट, पातळ पाण्यातून. खालून आलेल्या फ्लोरीनयुक्त पाण्यात वरून मुरलेलं पावसाचं पाणी मिसळलं, त्याचा हा परिणाम.

आता महत्त्वाचं. हे पाणी कॅल्साइटला भिडलं की कॅल्साइट विरघळतं आणि त्याच्या जागी फ्लोराइट बसतं. एक मोल कॅल्साइट ३६.९ घनसेंटिमीटर जागा घेतं, एक मोल फ्लोराइट २४.५. कॅल्शियमचा अणूस अणू तोच राहिला तर जागेचा तिसरा हिस्सा रिकामा होतो. खडक चाळणीसारखा होतो. त्या पोकळ्यांत आधी जांभळे, पांढरे फ्लोराइटचे घन वाढले. पाणी थंड होत गेलं तशी त्यातली सिलिका बाहेर पडली आणि त्या घनांवर क्वार्ट्झचा साखरेसारखा थर चढला. हातात तुकडा घेतलात की जांभळा पट्टा, रंगहीन पट्टा, वर चमकणारी साखर आणि फटीत तांबूस गंज असं चार बोटांच्या जागेत सगळं दिसतं. दिसायला देखणं, गिरणीला अवघड.

टिचकी

वाचनखूण साठवली. तिसरा हिस्सा रिकामा हे कोणी शाळेत सांगितलं असतं तर भूगोल आवडला असता.

खडकवेडा

सोवाइट, पटलं. मुख्य साठ्यापुरता माझा मुद्दा मागे घेतो. त्या पोकळ्यांबद्दल खाणीच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, ड्रिलिंग. पोकळ जमिनीत ड्रिलचं पाणी परत वर येत नाही, कोअर (नळीतून निघणारा खडकाचा दंडगोल) पूर्ण निघत नाही. फ्लोराइटला चार दिशांना पक्के पाटन असतात, ते ठिसूळ फुटतं आणि धुऊन जातं. टणक क्वार्ट्झ तेवढं नळीत उरतं. मग प्रयोगशाळा २२ टक्के सांगते आणि जमिनीत असतात ३०. किती मीटर ड्रिल केलं आणि किती मीटर कोअर आली हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहिलेलं नसेल तर त्या टक्केवारीवर भरवसा ठेवू नये.

दुसरी, सुरुंग. होलमध्ये स्फोटक ओततं ठेवलं आणि ते बाजूच्या पोकळीत गेलं तर तिथे नको तितका साठा जमतो. मग दगड लांब उडतो, अपघात होतो. दर थोड्या किलोंनंतर टेप सोडून स्फोटक किती उंच चढलं ते मोजायचं. हिशेबाने चढायला हवं तितकं चढलं नाही तर तिथेच थांबायचं, पोकळीचा भाग बुजवून मग वरून भरायचं. अशा जमिनीत कागदी नळकांड्यांतलं स्फोटक बरं.

पुष्करिणी

९७ टक्क्यांचा हट्ट कशासाठी, ९० चालणार नाही का, असं कोणी विचारण्याआधीच लिहिते.

फ्लोरस्पारवर तापलेल्या भट्टीत सल्फ्युरिक ॲसिड घातलं की हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो आणि जिप्समसारखं कॅल्शियम सल्फेट उरतं. ९७ टक्क्यांच्या एक टन मालातून कागदावर ४९७ किलो हायड्रोजन फ्लोराइड मिळतं. आता मालात एक टक्का सिलिका आहे असं धरा, म्हणजे टनात १० किलो. ती हायड्रोजन फ्लोराइडशीच भिडते आणि फ्लुओसिलिसिक ॲसिड होते. ६० किलो सिलिका १२० किलो वायू खाते, म्हणजे आपली १० किलो सिलिका २० किलो खाणार. एका टक्क्याच्या सिलिकेने उत्पादन चार टक्क्यांनी घटलं.

कॅल्साइटचं वेगळं. १० किलो कॅल्साइट जवळपास तितकंच सल्फ्युरिक ॲसिड खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. भट्टीत फेस चढतो, तो वायू पुढच्या थंड करण्याच्या भागात हायड्रोजन फ्लोराइड सोबत ओढून नेतो. फॉस्फेट आणि गंधक असेल तर ते तयार ॲसिडमध्ये उतरतं. म्हणून खरेदीदार नुसते ९७ बघत नाही, उरलेले तीन कशाचे ते बघतो.

पोलाद भट्टीसाठी जो कमी प्रतीचा माल जातो तिथेही सिलिकेला दंड आहेच. प्रभावी टक्केवारी म्हणजे फ्लोराइडचे टक्के वजा सिलिकेच्या टक्क्यांची अडीच पट. ८० टक्के फ्लोराइड आणि १० टक्के सिलिकेचा माल ५५ चाच धरला जातो.

मिलवाला

पुष्करिणीताईंनी माझं काम हलकं केलं. आता गिरणी.

जबड्याच्या क्रशरपासून कोन क्रशर, पुढे बॉल मिल, मग जाड-बारीक कण वेगळे करणारा हायड्रोसायक्लोन. पुढची पायरी फ्लोटेशन, म्हणजे लगद्यात हवेचे बुडबुडे सोडून हवं ते खनिज फेसावर उचलणं. दळण असं हवं की फ्लोराइटचा कण क्वार्ट्झपासून सुटा होईल. साखरेसारखं चिकटलेलं क्वार्ट्झ सुटायला साधारण ७४ मायक्रॉनच्या खाली जावं लागतं. पण फ्लोराइटची कठीणता ४, क्वार्ट्झची ७. क्वार्ट्झ दळेपर्यंत मऊ फ्लोराइटचं पीठ होतं. ते पीठ पाण्यात गढूळ राहतं, बुडबुड्याला चिकटत नाही आणि चिखलाबरोबर वाहून जातं. हातचं फ्लोराइट जातं ते बहुतेक इथे. उपाय एकच: एकदम बारीक दळायचं नाही. आधी जाडसर दळून पहिला फेस काढायचा आणि फक्त तोच माल पुन्हा दळायचा.

मग फ्लोटेशन. सोडा ॲशने पाण्याचा पीएच ९ च्या आसपास आणायचा. सिलिका खाली दाबायला सोडियम सिलिकेट, कॅल्साइट दाबायला टॅनिन किंवा स्टार्च, आणि फ्लोराइट वर आणायला ओलेइक ॲसिड, दगडाच्या टनाला साधारण पाचशे ग्रॅमच्या आसपास. क्रम चुकवायचा नाही. दाबणारी औषधं आधी, त्यांना काही मिनिटं ढवळू द्यायचं, ओलेइक शेवटी.

खरी कसरत कॅल्साइटची आणि ॲपेटाइटची. फ्लोराइट, कॅल्साइट, ॲपेटाइट तिन्हींच्या पृष्ठभागावर कॅल्शियमच आहे आणि ओलेइक ॲसिड कॅल्शियमलाच धरतं. त्याला तिघं सारखेच. टॅनिन वाढवलं की कॅल्साइट दबतं, पण एका मर्यादेपुढे फ्लोराइटही दबायला लागतं. म्हणून एकदा नाही, पाच-सहा वेळा फेस पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि प्रत्येक धुण्यात थोडं फ्लोराइट मागे राहतं.

फेस बघून बरंच कळतं. चांगला फेस राखाडी-जांभळट, बुडबुडे लहान, वर खनिजाचा दाट लेप, बोटावर घेतला की रवाळ लागतो. पांढरा, साबणासारखा, चिकट फेस दिसला की समजावं पाणी जड आहे. पाण्यातलं कॅल्शियम ओलेइकशी मिळून साबण झालाय आणि तुमचं औषध दगडाला न लागता पाण्यातच संपलंय. चिखलाच्या तळ्यातलं पाणी पुन्हा वापरलं की हे हमखास होतं. सोडा ॲश वाढवून कॅल्शियम आधी खाली बसवायचं.

कारेलीबाग_३९

मिलवाला, थंडीत हाती लागणारं फ्लोराइट का घटतं त्यावर पण लिहा. थंडीत थिजणाऱ्या खोबरेल तेलाचा नियम इथेही लागतो ना?

मिलवाला

बरोब्बर. ओलेइक ॲसिड १३-१४ अंशांना गोठतं, बाजारी प्रतीचं त्याआधीच घट्ट होतं. डिसेंबरच्या पहाटे टाकीत त्याचं लोणी होतं. पंप चालू दिसतो, डोस मात्र पडत नाही. टाकीला गरम पाण्याचं वेटोळं हवं. लगदाही कोमट केला तर तेल पसरतं आणि कॅल्साइट सुटायला मदत होते, पण वाफेचा खर्च टनामागे धरावा लागतो.

खडकवेडा

आता पूर्ण क्षमतेचा हिशेब. दिवसाला ५०० टन, ३० टक्के, हाती ७५ टक्के, तर रोज सुमारे ११६ टन ॲसिड ग्रेड. वर्षाला ३०० दिवस धरले तर ३५ हजार टनांच्या आत. हे सगळं सुरळीत चाललं तर. गिरणीत येणारा दगड २० टक्क्यांवर आला की तोच कारखाना ७७ टन देतो. वीज, औषधं, माणसं तेवढीच.

म्हणून अशा साठ्यात उत्तम आणि हलका माल रोज ठरलेल्या प्रमाणात मिसळणं अटळ आहे. सुरुवातीला उत्तम माल उचलायचा मोह होतो. काही वर्षांनी गिरणीसमोर फक्त सिलिकेने भरलेला माल उरतो आणि मग कुठलंच औषध पुरत नाही.

नर्मदाकाठ

एक गोष्ट कोणी बोललं नाही. फ्लोराइट पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला साधारण १६ मिलिग्रॅम. त्यातलं फ्लोराइड जवळपास ८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा १, पर्याय नसेल तर १.५. म्हणजे असे खडक ज्या जमिनीत आहेत तिथली विहीर किंवा बोअर तपासल्याशिवाय पिऊ नये, खाण चालू असो वा नसो. पाणी जड असेल तर कॅल्शियममुळे फ्लोराइड कमी विरघळतं. मऊ आणि जास्त क्षारता असलेलं पाणी जास्त वाईट.

उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतं. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने बसवलेली नलगोंडा पद्धत आहे: चुना, मग तुरटी, जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू, तासभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी काढायचं. तुरटी किती हे फ्लोराइड आणि क्षारता मोजून ठरतं, अंदाजाने टाकू नये. खालचा गाळ अंगणात ओतायचा नाही, सगळं फ्लोराइड त्यातच असतं. त्या पट्ट्यातल्या राठवा आदिवासी कुटुंबांच्या दातांचा आणि हाडांचा हा प्रश्न आहे, टनांच्या हिशेबाइतकाच मोठा.

पुष्करिणी

नर्मदाकाठ, शंभर टक्के अनुमोदन.

टिचकी

अवांतर: महाराष्ट्रात फ्लोराइट कुठे?

सोवाइट

चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आहे. शोभेचं हवं तर नाशिक जिल्ह्यात महोदरीच्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झवर मधाच्या रंगाचे अर्धगोल मिळाले, ते जगभरच्या संग्रहालयांत गेले. इतर राज्यांत छत्तीसगडला राजनांदगावजवळ चांदीडोंगरी, राजस्थानात डुंगरपूरला मांडो की पाल.

रावपुरेकर

मूळ प्रश्नावर येतो. मला वाटलं होतं उत्तर गांधीनगरच्या फायलींत असेल, ते कॅल्साइटच्या रिकाम्या झालेल्या तिसऱ्या हिश्श्यात निघालं. 'मनावर घेतलेलं नाही' हे माझं मत मागे घेतो. पण मग इतर देशांचा माल स्वस्त का पडतो?

मिलवाला

जिथे शिरा रुंद आहेत आणि दगडच ५०-६० टक्क्यांचा आहे, तिथे टनाला दोन-अडीच टन दळलं की भागतं. तोच माल बोटीने आपल्या बंदराला लागतो. अंबाडुंगरला गिऱ्हाईक जवळ असल्याचा फायदा आहे, पण तो वाहतुकीचा. दळणाचा खर्च त्यात भरून निघायला हवा. फॉस्फेट आणि बारीक सिलिका वेगळी करणारं दळण-धुण्याचं गणित याच मालावर नमुना-कारखान्यात बसवलं, तर हा साठा कामाचा आहे असं मला ठामपणे वाटतं. बाहेरच्या खाणीचं तयार गणित इथे उचलून आणलं तर नाही.

सोवाइट

आणि या कार्बोनेटाइटमध्ये दुर्मिळ मृदा खनिजंही आहेत. त्यावर वेगळा धागा काढतो.

टिचकी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

रावपुरेकर

शेवटचं. सहलीला काय न्यायचं, आणि डोंगरावर फ्लोराइट ओळखायचं कसं?

खडकवेडा

खाणपट्ट्यात परवानगीशिवाय शिरू नका, खाणीच्या तुटलेल्या पायऱ्यांच्या काठावर उभं राहू नका. दहापटीचं भिंग, पोलादी चाकू, काचेचा तुकडा आणि ड्रॉपरच्या बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड पुरे.

चाकूने चरा पडला नाही तर बहुधा क्वार्ट्झ. चरा पडला आणि ॲसिडच्या थेंबाने फसफसलं तर कॅल्साइट. चरा पडला, फसफस नाही, हाताला कॅल्साइटहून जड लागलं आणि कोपरे त्रिकोणी सपाट फुटलेले दिसले तर फ्लोराइट. रंगावर जाऊ नका, तिथे पांढरंही तितकंच मिळतं.

पुष्करिणी

आणि घरी आणून त्यावर सल्फ्युरिक ॲसिड, बॅटरीचं पाणीसुद्धा, कोणी टाकून बघू नका. निघणारा वायू कातडीतून हाडापर्यंत जातो आणि दुखायला उशिरा लागतं. तव्यावर तापवून अंधारात चमक बघायची असेल तर वाटाण्याएवढा तुकडा, वर जाळी आणि डोळ्यांना चष्मा. फ्लोराइट तापलं की तडतडून उडतं.

रावपुरेकर

चष्मे यादीत लिहिले. पिण्याचं पाणी बडोद्याहूनच भरून नेतो.